गाभ्यातल्या लोखंडात हायड्रोजन मुरला आहे का?

उरणच्या किनाऱ्यावरून उत्तरेला पाहिलं की पाण्यापलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पदार्थांवर प्रचंड दाब देऊन त्यांची रचना तपासणारे शास्त्रज्ञ कित्येक दशकं काम करत आले आहेत. दक्षिणेला धरमतरची खाडी ओलांडली की रेवस, मग थळ. थळला अमोनिया तयार होतो आणि शेजारीच जड पाण्याचा प्रकल्प आहे. दोन्हीकडे पोलादी भांड्यांत हायड्रोजन कोंडावा लागतो. आणखी खाली अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मापन डॉ. नानाभॉय मूस यांच्या काळात तिथे हलवलं गेलं. ती वेधशाळा ज्या चुंबकीय क्षेत्राची रोज नोंद करते, त्याचा मोठा भाग आपल्या पायांखाली २,८९० किलोमीटरच्या पुढे, वितळलेल्या लोखंड-निकेलच्या प्रवाहांतून तयार होतो.

त्या लोखंडात हायड्रोजन असावा का, यावर आज जगभर वाद चालू आहे. त्या वादाच्या दोन्ही बाजू समोर याव्यात म्हणून हा संवाद रचला आहे. मामांनी उभं आयुष्य एका खत कारखान्याच्या अमोनिया विभागात धातूंच्या तपासणीत घालवलं आणि आता ते उरणला राहतात. भाची प्रचंड दाबाखालच्या खनिजांचा अभ्यास करते.

मामा: हायड्रोजन आणि लोखंड यांचं जमतं, असं तू म्हणतेस. मला ते पहिल्या वाक्यालाच पटत नाही. साध्या तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाखाली लोखंडाच्या दहा लाख अणूंमागे हायड्रोजनचा एक अणूही धड विरघळत नाही. आणि चुकूनमाकून जास्त शिरलाच, तर पोलादाची चिवटाई जाते. जॉन्सन नावाच्या माणसाने १८७५ सालीच हे दाखवून दिलं. त्याने पोलाद आम्लात बुडवलं, तर ते ठिसूळ झालं. तोडून ओलं केलं, तर तुटलेल्या जागेतून बुडबुडे आले. काही काळ तसंच ठेवलं, तर पोलाद पुन्हा चिवट झालं, कारण हायड्रोजन निघून गेला. आम्ही वेल्डिंगच्या कांड्या वापरण्याआधी भट्टीत भाजून घ्यायचो, ते याच भीतीपोटी. कांडीवरच्या लेपातला ओलावासुद्धा जोडाला तडा पाडतो. माझ्या लेखी हायड्रोजन हा लोखंडात न टिकणारा आणि जाताना मोडतोड करून जाणारा पाहुणा आहे.

भाची: तुमच्या भांड्यांत दाब किती असायचा, मामा?

मामा: हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. तापमान चारशे ते पाचशे अंश. तो दाब कमी नाही. जर्मनीत कार्ल बॉश अमोनियाचा पहिला कारखाना उभारत होता, तेव्हा एवढ्याच दाबाने त्याच्या पोलादी नळ्या फुटत होत्या. हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घ्यायचा, त्याचा मिथेन व्हायचा आणि तो वायू कणांच्या सीमांवर साचून धातू आतून फाडायचा. बॉशने मग आतून मऊ, कार्बन नसलेल्या लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जाईल. म्हणून तू दाब वाढवायची गोष्ट केलीस की मला आधी फुटणारी नळी दिसते.

भाची: ती नळी का फुटली, हे तुम्हीच सांगितलंत. आत पोकळ्या होत्या, कणांच्या सीमा होत्या, तिथे वायू साचायला जागा होती. गाभ्यात अशी पोकळी राहूच शकत नाही. गाभ्याच्या वरच्या सीमेवर दाब १३६ गिगापास्कल आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या तेरा लाख पटींहून जास्त. पृथ्वीच्या मध्याशी तो छत्तीस लाख पटींच्या आसपास जातो. आणि बाह्य गाभा तर द्रव आहे. द्रवाला तडा जाणार कुठून?

मामा: तडा जाणार नाही, हे मान्य. पण न विरघळणारी गोष्ट विरघळायला लागेल, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

भाची: वायू असताना हायड्रोजन खूप जागा अडवतो. धातूच्या जाळीत शिरला की त्याच अणूंना फार थोडी जागा पुरते. साध्या दाबाखाली जागा फुकट असते, म्हणून वायू राहणंच त्याला सोयीचं पडतं. दाब वाढला की व्यापलेल्या प्रत्येक घनमिलिमीटरची ऊर्जेत किंमत मोजावी लागते. एका टप्प्यावर वायू राहणं धातूत शिरण्यापेक्षा महाग होतं. लोखंडाच्या बाबतीत हा टप्पा सुमारे ३५ हजार वायुदाबांवर येतो. तिथे लोखंडाचा हायड्राइड बनतो, जवळजवळ दर लोखंडाच्या अणूमागे एक हायड्रोजन. बॅडिंग, हेम्ली आणि माओ यांनी १९९१ साली तो दाबाखाली असतानाच क्ष-किरणांनी पाहिला आणि ६२ गिगापास्कलपर्यंत त्याचा पाठपुरावा केला. जाळीचं आकारमान सुमारे १७ टक्क्यांनी फुगलं होतं. पुढे फ्रान्समधल्या पेपँ आणि लूबेर यांच्या गटाने ६७ गिगापास्कलला एका लोखंडाला दोन हायड्रोजन, ८६ला तीन आणि १३०च्या पुढे पाच हायड्रोजन असलेले हायड्राइड तयार केले. तुमच्या दोनशे वायुदाबांवर जो पाहुणा टिकत नाही, तो तिथे घरचा होतो.

मामा: बरं, हे शुद्ध लोखंडाचं झालं. गाभ्यात शुद्ध लोखंड नाही. लोखंडी उल्कांमध्ये निकेल असतंच. गाभ्यातही सुमारे पाच टक्के असावं असं मानतात. आणि निकेलने काय होतं ते मी कारखान्यात पाहिलंय. साध्या पोलादाची जाळी वेगळी आणि निकेल भरपूर घातलेल्या पोलादाची वेगळी. त्या दुसऱ्या जाळीत हायड्रोजन जास्त मावतो, पण फार सावकाश सरकतो. म्हणून हायड्रोजनच्या कामासाठी आम्ही तसं पोलाद निवडायचो. मग तुमचे शुद्ध लोखंडावरचे आकडे मिश्रधातूला जसेच्या तसे कसे लागू होतील?

भाची: हा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो, आणि अलीकडचं बरंचसं काम त्याच्यावरच चाललंय. निकेल स्वतः लोखंडापेक्षा कितीतरी लवकर हायड्रोजन स्वीकारतं. साध्या तापमानाला सहा हजार वायुदाबांच्या आसपासच त्याचा हायड्राइड बनतो. शिवाय तुम्ही म्हणता ती घनाकार जाळी, जिच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक अणू असतो, ती निकेलमुळे जास्त स्थिर होते. नुसतं लोखंड प्रचंड दाबाखाली षटकोनी रचनेकडे जातं. हायड्रोजन शिरला आणि तापमान वाढलं की तोही लोखंडाला त्याच घनाकार जाळीकडे ओढतो. म्हणजे निकेल आणि हायड्रोजन एकाच दिशेने रेटतात. पण म्हणून हायड्रोजनच्या एका अणूमागे जाळी किती फुगते, हा आकडा मिश्रधातूसाठी वेगळा मोजावाच लागतो. तो लोखंडावरून उसना घेऊन चालणार नाही.

मामा: मग मूळ प्रश्नावर येऊ. गाभ्यात हायड्रोजन आहे, असं म्हणायची गरजच का पडली?

भाची: गरज भूकंपांनी निर्माण केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७च्या आसाम भूकंपाचा सखोल अभ्यास केला. त्याच वाटेने पुढे जात १९०६ साली त्यांनी भूकंपलहरींच्या उशिरा पोहोचण्यावरून पृथ्वीला वेगळा गाभा आहे, असं मांडलं. १९३६ साली इंगे लेमान यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला. तो घन आहे, हे नंतर ठरलं. मग १९५२ साली फ्रान्सिस बर्च यांनी दाखवलं की त्या खोलीवर शुद्ध लोखंडाची जी घनता असायला हवी, तिच्यापेक्षा बाह्य गाभा हलका आहे. आजच्या अंदाजाने ही तूट पाच ते दहा टक्के आहे. निकेलने ती भरून निघत नाही, कारण निकेलचा अणू लोखंडाहून थोडा जडच. म्हणजे काहीतरी हलकं तिथे मिसळलेलं आहे: गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन किंवा हायड्रोजन.

मामा: आणि इथेच माझी मोठी अडचण आहे. उरणच्या मिठागरात पाण्याची घनता मोजून ते किती खारं झालं ते कळतं. पण त्या घनतेत साधं मीठ किती आणि मॅग्नेशियमचे क्षार किती, हे एका आकड्यावरून कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडे एक तूट आहे आणि पाच संशयित. पाचही जण थोडे थोडे असू शकतात. त्यातला हायड्रोजनच तुम्हाला का आवडतो? सर्वांत हलका म्हणून थोड्याशा प्रमाणातच तूट भरून काढतो, एवढंच ना?

भाची: तेवढं एकच कारण असतं, तर मीही तुमच्या बाजूला बसले असते. दुसरं कारण वितळण्याच्या तापमानाचं आहे. गाभ्याच्या वर प्रावरण आहे, आणि त्याचा तळ बहुतांशी घन आहे. लगेच खाली गाभा द्रव आहे. म्हणजे सीमेवरचं तापमान प्रावरण वितळेल त्याहून कमी आणि गाभ्याचा धातू वितळेल त्याहून जास्त असायला हवं. नोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रावरणाच्या खडकाची वितळण्याची सुरुवात त्या दाबाखाली मोजली. ती सुमारे ३,५७० केल्विन निघाली. शुद्ध लोखंड इतक्या कमी तापमानाला तिथे द्रव राहत नाही. हायड्रोजन मात्र लोखंडाचं वितळणं शेकडो अंशांनी खाली आणतो. म्हणून घनतेपासून स्वतंत्र असलेली ही दुसरी वाटही हायड्रोजनकडे जाते.

मामा: हा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. पण गंधकसुद्धा वितळण्याचं तापमान उतरवतं. त्यामुळे संशयितांची यादी लहान झाली, एकावर आली नाही. आता माझा पुरावा ऐक. २०१८ साली क्लेसी आणि त्यांच्या गटाने वितळलेलं लोखंड आणि वितळलेला खडक एकत्र ठेवून हायड्रोजन कुठे जातो ते पाहिलं. पाच ते सुमारे वीस गिगापास्कलच्या दाबाखाली तो मुख्यतः खडकातच राहिला. गाभ्यात दहा लाख भागांत सुमारे साठ भाग असेल, असा त्यांचा निष्कर्ष. मग २०२१ साली जपानमधून तागावा, हिरोसे आणि सहकाऱ्यांचा निकाल आला की हायड्रोजन बहुतांशी लोखंडात जातो, आणि गाभ्यात वजनाने ०.३ ते ०.६ टक्के असावा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या पन्नास ते शंभर पट! कारखान्यात दोन तपासण्यांत एवढी तफावत निघाली असती, तर आम्ही आधी मोजण्याची पद्धतच तपासली असती.

भाची: तफावतीची दोन कारणं संभवतात. एक, दाबाचे पल्ले वेगळे आहेत. जपानी प्रयोग तीस ते साठ गिगापास्कलला आणि ३,१०० ते ४,६०० केल्विनला झाले. पृथ्वी घडत असताना वितळलेल्या खडकाच्या समुद्रातून लोखंडाचे थेंब खाली बसत होते, त्या वेळची ही परिस्थिती आहे. दुसरं कारण तुम्ही स्वतः मघाशी सांगितलंत: जॉन्सनचे बुडबुडे. प्रयोग संपवून दाब सोडला की हायड्रोजन लोखंडातून निघून जातो. नमुना नंतर कापून मोजला, तर आत होता त्यापेक्षा कितीतरी कमी सापडण्याची भीती असते. म्हणून तागावांच्या गटाने दाब कायम असतानाच क्ष-किरणांनी जाळी किती फुगली ते मोजलं, आणि त्यावरून लोखंडातला हायड्रोजन काढला.

मामा: म्हणजे त्यांनी हायड्रोजन पाहिलाच नाही! लोखंड फुगलेलं पाहिलं आणि म्हणाले, आत हायड्रोजन असणार. हिऱ्यांच्या दोन ऐरणींमध्ये केसाच्या जाडीएवढा नमुना, वर लेसरची उष्णता, आणि क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसतच नाही, कारण त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन. फुगवट्यातला किती भाग तापमानाचा, किती निकेलचा, किती दुसऱ्या कशाचा, हे वेगळं केलं नाही, तर आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

भाची: तो हिशोब ते करतात, पण एका हायड्रोजनमागे जाळी किती फुगते हा आधार त्यात गृहीत असतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच न्यूट्रॉनचे प्रयोग मोलाचे ठरतात. न्यूट्रॉनला हायड्रोजन दिसतो, आणि ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, तर अगदी स्वच्छ दिसतं. माचिदा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली घनाकार जाळीच्या लोखंडात ड्यूटेरियमचे अणू नेमके कुठे बसतात ते न्यूट्रॉनांनी दाखवलं. बहुतेक अणू मोठ्या पोकळ्यांत होते, थोडे लहान पोकळ्यांतही. थोड्याशा अणूंची जागा बदलली, तरी फुगवट्यावरून काढलेला आकडा बदलतो. पण न्यूट्रॉनला मोठा नमुना लागतो, आणि नमुना मोठा झाला की दाब कमी मिळतो. तो प्रयोग साडेसहा गिगापास्कलच्याही खालचा होता.

मामा: हे मला जवळचं वाटतं. समोर ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनांचे प्रयोग होतात आणि ड्यूटेरियम तर आपल्या थळच्या जड पाण्यात आहे. पण बघ, साडेसहाला जे पाहिलं ते एकशे छत्तीसला लावायचं, म्हणजे मधली वाट गणिताने चालायची. गणित चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कुठपर्यंत मोजलं आणि कुठून पुढे गणित सुरू झालं, ती रेघ स्पष्ट दिसली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

भाची: ती मागणी योग्य आहे. आता समजा जपानी आकडा बरोबर ठरला, तर काय बदलतं ते पाहा. वजनाने ०.५ टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हायड्रोजन इतका हलका आहे की अणूंची संख्या मोजली, तर गाभ्यातल्या जवळजवळ दर पाच अणूंत एक हायड्रोजनचा असेल. पाण्याच्या हिशोबात मांडलं, तर ०.३ ते ०.६ टक्के हायड्रोजन म्हणजे आजच्या सगळ्या महासागरांच्या सुमारे ३७ ते ७४ पट पाण्याएवढा. उरणसमोरचा हा समुद्र मग पृथ्वीला मिळालेल्या हायड्रोजनचा एक लहानसा अंश ठरतो. पाणी नंतर धूमकेतूंनी आणून टाकलं, असं मानायची गरजही कमी होते. पियानी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं की पृथ्वी ज्या प्रकारच्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या उल्कांपासून घडली असावी, त्यांतही पृथ्वीला महासागरांच्या तिप्पट पाणी पुरवण्याएवढा हायड्रोजन होता.

मामा: तिप्पट आणि सदतीस पट यांतही अंतर आहेच.

भाची: आहे, आणि त्या अंतराचा हिशोब कुणीतरी द्यायला हवा. एकतर बाकीचा हायड्रोजन दुसरीकडून आला, नाहीतर गाभ्यातला आकडा कमी आहे. ड्यूटेरियमचं प्रमाण इथे उपयोगी पडेल. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंत सुमारे १५६ ड्यूटेरियमचे असतात. लोखंडात शिरताना हलका आणि जड हायड्रोजन सारख्याच प्रमाणात शिरले नसतील, तर गाभ्याने नेलेल्या हायड्रोजनची खूण मागे उरलेल्या पाण्यातही राहिली असेल. उत्तर कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या, खोल प्रावरणातून आलेल्या लाव्हात ड्यूटेरियम समुद्रापेक्षा बरंच कमी असल्याचं २०१५ साली दिसलं. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर मतभेद आहेत. पण प्रश्न आता तपासता येण्याजोगा झालाय.

मामा: अंतर्गाभ्याचं काय? तिथे तर धातू घन आहे. तिथे माझं घन धातूचं ज्ञान चालेल की नाही?

भाची: तिथेही ते एका वेगळ्या वाटेने लागू होतं. अंतर्गाभ्यातून जाणाऱ्या आडव्या लहरींचा वेग घन लोखंडासाठी अपेक्षित असतो त्यापेक्षा बराच कमी आहे, सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर. २०२२ साली यू हे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या गणिताने दाखवलं की त्या दाब-तापमानाला लोखंडाची जाळी जागच्या जागी राहते, पण तिच्यातले हायड्रोजन, कार्बन किंवा ऑक्सिजनचे अणू द्रवासारखे वाहत राहतात. त्यामुळे धातू घन असूनही मऊ पडतो आणि लहरी मंदावतात. हायड्रोजन पोलादात किती चपळ असतो, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलंत. तीच चपळाई तिथे हवेच्या लाखो पट दाबाखाली दिसते.

मामा: म्हणजे त्याचा एक गुण खरा ठरला, टिकत नाही हा दुसरा गुण दाबाने उलटला. आणि अलिबागच्या वेधशाळेत जे क्षेत्र मोजतात, त्याचं काय?

भाची: अंतर्गाभा सावकाश गोठत वाढतो आहे. गोठताना काही हलके अणू द्रवात मागे उरतात, तो हलका द्रव वर चढतो आणि त्या हालचालीतून चुंबकीय क्षेत्राला बळ मिळतं. कोणता हलका अणू घनात राहतो आणि कोणता द्रवात, यावर हे बळ किती ते अवलंबून असतं. हायड्रोजन घनातही बऱ्यापैकी मावतो, म्हणून वर ढकलण्याचं काम एकट्या त्याच्यावर सोपवता येणार नाही; ऑक्सिजनसारखा सोबती लागेल. हा मुद्दा तुमच्या बाजूने जातो: गाभ्याचं उत्तर एकाच मूलद्रव्याचं नसणार.

मामा: मग मी माझं मत नीट मांडतो. दोनशे वायुदाबांवर शिकलेला नियम तेरा लाखांवर लावणं चूक आहे, हे मला पटलं. लोखंड-निकेलला त्या खोलीवर हायड्रोजन सामावून घेता येतो, यावर मी आता शंका घेणार नाही. पण सामावून घेता येतो आणि सामावलेला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयोगाने सिद्ध झाली आहे. दुसरी पृथ्वी घडताना नेमकं काय झालं यावर अवलंबून आहे, आणि तिचे आकडे अजून दहा लाखांत साठपासून अर्ध्या टक्क्याच्या पुढेपर्यंत पसरलेले आहेत.

भाची: मी माझं मत असं मांडते: हायड्रोजन मोजण्याजोग्या प्रमाणात आहे, याकडे घनता, वितळण्याचं तापमान आणि लहरींचा वेग या तीन वेगवेगळ्या वाटा जातात, म्हणून माझा कौल त्या बाजूने. नेमका आकडा ठरवायला तीन कामं झाली पाहिजेत. निकेल असलेल्या मिश्रधातूतच, दाब न सोडता, एका हायड्रोजनमागे किती फुगवटा येतो ते मोजायचं. न्यूट्रॉनांचे प्रयोग जास्तीत जास्त दाबापर्यंत न्यायचे. आणि क्लेसी व तागावा यांच्यामधल्या दाबाच्या पट्ट्यात दोन्ही पद्धतींनी एकच नमुना तपासायचा, म्हणजे तफावत निसर्गातली की पद्धतीतली ते कळेल.

मामा: तिसरं काम आधी करा. कारखान्यात आम्ही तेच केलं असतं.

भाची: ते काम दोघांनाही करावं लागेल, मामा. धातूत हायड्रोजन कुठे लपतो आणि कधी निसटतो, हे ज्यांना हाताने माहीत आहे, त्यांच्याशिवाय आमच्या हिऱ्यांच्या ऐरणीतला आकडा खरा मानता येणार नाही. आणि आमच्या दाबाशिवाय तुमचा अनुभव पृथ्वीच्या सालीपुरताच राहील. गाभ्यातल्या हायड्रोजनचा प्रश्न सुटेल तो या दोन ज्ञानांनी एकमेकांची तपासणी केली तरच.